गारगोटी कोणाची?

अजिंठ्याची लेणी पाहायला आपल्यापैकी पुष्कळजण गेले असतील. तेथे दगड विकणारे भेटतात. त्यांच्या हातात बाहेरून काळा, ओबडधोबड असा दगड असतो. दगड दोन फाकांत फोडलेला असतो. विकणारा वरची फाक उचलतो आणि आत पाहावे तर पांढरी चमचम! जणू कोणी खडीसाखर चिकटवून ठेवली आहे. दूरदूरचे पाहुणे पैसे मोजून तो दगड घरी नेतात.

असा दगड काही अजिंठ्यालाच मिळतो असे नाही. आपल्या जळगाव जिल्ह्याच्या पोटातही तो पुष्कळ आहे. खडीच्या खाणीत सापडतो, विहिरीच्या खोदकामात सापडतो. त्याचे कारण सोपे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात जमिनीला मोठमोठ्या भेगा पडल्या. त्या भेगांतून तापलेला, वितळलेला रस वर आला आणि लांबवर पसरला. तो थंड झाला. त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा आला. त्याचाच आपला काळा पाषाण झाला. रस थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून राहिले, भजे तळताना आत पोकळी राहते ना, तसे. पुढे लाखो वर्षे त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिले. पाण्यातले क्षार आत साठले. त्यांचेच स्फटिक बनले. कोठे गारगोटी झाली, कोठे रंगीत पट्ट्यांचा आकीक झाला. कोठे मोरपिशी छटेचे, कोठे गुलाबी, कोठे काचेसारखे आरपार दिसणारे खडे तयार झाले. त्यांना स्टिल्बाइट, अपोफिलाइट अशी शास्त्रीय नावे आहेत. ती पाठ करायची काही गरज नाही. पण एवढे ध्यानात ठेवा की, परदेशातले दगडांचे शौकीन ‘जळगाव’ हे नाव ओळखतात ते केळीमुळे नव्हे, या खड्यांमुळे! आपल्याकडे सिन्नरजवळ या खड्यांचे एक संग्रहालयच आहे. त्याचे नावही ‘गारगोटी’ असेच आहे.

वरणगावच्या आसपास तापीच्या गाळाचा थर जाड आहे. तेथे फावडे मारले की काळी मातीच लागते. पण दक्षिणेला, डोंगराकडे जावे तसा काळा पाषाण वर येतो. आणि तापीच्या पात्रात तर दूरदूरचे गोटे वाहून आलेले दिसतात. त्यांत लाल, पिवळे, तांबूस असे गुळगुळीत खडे असतात. पोरे ते खिशात भरतात. शहरातला एखादा छंदी माणूस पिशवी घेऊन येतो. एखादा व्यापारीही येतो. तो विहिरीच्या ढिगाऱ्याजवळ उभा राहतो आणि म्हणतो, “दादा, हा दगड मला द्या. ट्रॅक्टर तुमचाच लावा. भाडे देतो.”

आता प्रश्न उभा राहतो. दगड कोणाचा? द्यायचा की नाही? आणि दिला तर पुढे काय होते?

सातबारा माझा, दगड कोणाचा?

समजा, एका शेतकऱ्याने विहीर खणली. चाळीस फुटांवर पाषाण लागला. सुरुंग लावल्यावर एक पोकळी फुटली. आत खडेच खडे. तो तलाठ्याकडे गेला. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. पण गावात अजून ‘तलाठी’ हाच शब्द चालतो, तर आपणही तोच वापरू.) दोघांचे बोलणे असे झाले असेल.

“भाऊसाहेब, जमीन माझी. सातबाऱ्यावर नाव माझं. विहीर माझ्या पैशानं खणली. मग दगड माझाच की!”

“आप्पा, जमीन तुमची, त्यात वाद नाही. पीक तुमचं, झाड तुमचं, विहीरही तुमचीच. पण खनिज सरकारचं.”

“खनिज म्हणजे सोनं-लोखंड ना? हा तर दगड आहे.”

“दगडही खनिजच. मुरूमही खनिज, वाळूही खनिज. विटेची मातीसुद्धा.”

“असं कुठं लिहिलंय?”

आप्पांनी विचारलेला हा प्रश्न अगदी योग्य आहे. ‘कुठं लिहिलंय?’ असे विचारायला शिकावे म्हणून तर आपण अक्षरे शिकलो. तर ते लिहिले आहे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ या कायद्यात. त्याचे कलम ४८ वाचावे. त्यात म्हटले आहे की, जमिनीवर असो की जमिनीखाली, खाणीत, शेतात, बांधात, नाल्यात की नदीच्या पात्रात, कोठेही सापडणाऱ्या सर्व खनिजांवरचा हक्क राज्य सरकारचा आहे. ही गोष्ट काही आजची नव्हे. इंग्रजांच्या राज्यात १८७९ साली मुंबई इलाख्याचा जमीन महसुलाचा कायदा झाला, त्यातही सरकारने खनिजांचा हक्क राखून ठेवला होता. कोणाचा जुना, कागदावर सिद्ध होणारा हक्क असेल तर तो या कलमाने बुडत नाही. पण तसा कागद फार थोड्यांजवळ असतो.

याच कलमाचा ७ वा भाग तर नीट वाचण्यासारखा आहे. परवानगी नसताना खनिज ‘काढणे, हलवणे, गोळा करणे, उचलणे’ या सगळ्यांना तो लागू होतो. नुसते खणणे नव्हे, उचलणेसुद्धा! बांध दुरुस्त करतो आहे अशी सबब सांगून चालणार नाही, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. कायदा लिहिणाऱ्याला आपली गावे चांगली ठाऊक होती म्हणायची.

मग नदीकाठी चार खडे वेचणाऱ्या पोराला कोणी पकडते का? नाही पकडत. त्यासाठी कोणी तहसीलदार घाटावर येऊन बसत नाही. पण अमुक किलोपर्यंत माफ, असेही आम्ही कायद्यात कोठे वाचलेले नाही. खिशातल्या खड्याकडे कोणी पाहत नाही, गोणीकडे पाहतात, आणि ट्रॅक्टरकडे तर हमखास पाहतात. छंद आणि धंदा यांच्यामधली रेघ अशी डोळ्यांनीच पाहिली जाते. ती कागदावर नाही. हे आम्हाला बरे वाटत नाही, कारण जेथे रेघ नसते तेथे गरिबाची गोणी आधी दिसते.

दुसऱ्या देशांत अशी रेघ ओढलेली आहे. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया नावाचा प्रांत आहे. तेथे १८५०च्या सुमारास सोने सापडले. हजारो माणसे खणायला गेली. सरकारने त्यांच्यावर जबर परवाना-फी बसवली. १८५४ साली खणणाऱ्यांनी बंड केले, त्यात माणसे मेली. पुढच्याच वर्षी, १८५५ साली, सरकारने थोड्या पैशांत मिळणारा एक साधा कागद सुरू केला. त्याला ‘माइनर्स राइट’ म्हणतात. तो आजही मिळतो. तो घेतला की हौशी माणसाला हाताच्या हत्याराने, ठरलेल्या जागी सोने वा खडे शोधता येतात. अमेरिकेतही सरकारी मोकळ्या जमिनीवर छंदासाठी थोडे दगड उचलू देतात. दगड झालेले जुने लाकूड असेल तर दिवसाला २५ पौंड आणि वर एक तुकडा, वर्षाला फार तर २५० पौंड, असे मापच दिले आहे.

आपल्याकडे छंदासाठी असा वेगळा कागद नाही. खनिजाचा शोध घेण्यासाठीसुद्धा परवाना लागतो, असे केंद्र सरकारच्या खाणी आणि खनिजे (विकास व नियमन) अधिनियम, १९५७ या कायद्याचे कलम ४ सांगते. हा परवाना कंपन्यांसाठी आहे, पिशवी घेऊन फिरणाऱ्यासाठी नाही. आमचे मत विचाराल तर आपल्याकडेही एखादा साधा, स्वस्त कागद असायला हवा. पण तो होईपर्यंत आज जो कायदा आहे तो जाणून वागणे भाग आहे.

दंडाचे गणित

खनिजांचे दोन प्रकार आहेत. लोखंड, मँगनीज, कोळसा ही मोठी खनिजे. वाळू, मुरूम, बांधकामाचा दगड, साधी माती ही गौण खनिजे. गौण म्हणजे लहान. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने आणखी ३१ खनिजे गौण ठरवली. त्यांत आकीक आहे, जास्पर आहे; गार म्हणजे क्वार्ट्झही २०२५ पर्यंत त्यांत होती. म्हणजे तापीकाठचे आपले रंगीत खडे नेमके या यादीत बसतात. गौण खनिजांचे नियम राज्य सरकार करते. आपल्या राज्याचे नियम २०१३ सालचे आहेत.

मुरूम, दगड, वाळू ब्रासने मोजतात. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट उंच असा ढीग म्हणजे एक ब्रास. १० × १० × १ = १०० घनफूट. ज्याला खनिज काढायची परवानगी मिळते त्याने दर ब्रासला सरकारला ठराविक रक्कम भरायची. तिला स्वामित्वधन म्हणतात. लोक ‘रॉयल्टी’ म्हणतात.

आता परवानगी न घेता ४ ब्रास मुरूम काढला असे धरू. बाजारात त्याचा भाव ब्रासला १,००० रुपये आहे असे धरू. मुरूमाची किंमत झाली ४,००० रुपये. कायद्याने बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड करता येतो. ४,००० × ५ = २०,००० रुपये. शिवाय ज्या ट्रॅक्टरने वा डंपरने तो माल नेला ते वाहन जप्त होऊ शकते. ते सोडवायचा दंड वेगळा. वाहन बँकेच्या कर्जावर घेतलेले असेल तर ते तहसीलच्या आवारात उभे असतानाही हप्ता थांबत नाही.

म्हणूनच तो व्यापारी म्हणाला ना, “ट्रॅक्टर तुमचाच लावा,” ते त्याने विचार करूनच म्हटलेले असते. खडे त्याचे, ट्रॅक्टर तुमचा. रस्त्यात अडवले तर नंबर कोणाच्या वाहनाचा लिहिला जाईल?

याहून मोठी शिक्षाही आहे. १९५७ च्या कायद्याने विनापरवाना खनिज काढणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरमागे पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नदीतली वाळू चोरली तर या कायद्याबरोबर चोरीचा गुन्हाही लावता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आहे.

पण घाबरून विहीर खणायचीच नाही, असे मात्र करू नका. विहीर खणणे हा गुन्हा नाही. २०१४ सालीच सर्वोच्च न्यायालयापुढे पुण्याच्या बांधकाम करणाऱ्यांचे एक प्रकरण आले होते. पाया खणताना माती निघाली. ती त्यांनी त्याच जागेवर वापरली होती. न्यायालयाने सांगितले की, माती खणली एवढ्यावरून सरसकट दंड करू नका, ती कशासाठी वापरली ते आधी पाहा. तेव्हा विहिरीचा दगड-मुरूम आपल्याच शेतात वापरणे ही एक गोष्ट, आणि तो भरून बाहेर विकणे ही दुसरी गोष्ट. विकायचा असेल तर आधी परवानगी घ्या, मग ट्रॅक्टर लावा.

केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये काही कामांना पर्यावरणाच्या मंजुरीतून सूट दिली. त्यांत शेतीची वा पिण्याच्या पाण्याची विहीर खणणे आहे. कुंभाराने हाताने माती काढणे आहे. पुरानंतर शेतात साचलेली वाळू शेतकऱ्याने काढणे आहे. गावतळ्यातला गाळ काढणेही आहे. ही सूट पर्यावरणाच्या मंजुरीपुरती आहे. महसूल खात्याची परवानगी ही वेगळी बाब. एका खात्याने माफ केले म्हणजे दुसऱ्यानेही केले, असे समजू नये. धरणाचा गाळ शेतात टाकायला ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून आहे. तीत गाळ नेता येतो, गाळाच्या नावाखाली वाळू नेता येत नाही.

पाय ठेवण्याआधी

दगड उचलणे पुढची गोष्ट. आधी जागा कोणाची ते पाहावे.

दुसऱ्याच्या शेतात जायचे तर त्याला विचारावे. हे सांगायला कायदा कशाला हवा? पण एक बारीक गोष्ट आहे. वाटेकरी ‘या’ म्हणाला तरी मालक ‘नाही’ म्हणू शकतो. मालक जळगावला राहतो आणि शेत दुसराच कसतो, असेही असते. म्हणून सातबारा पाहावा. मालकाच्या जागी कोणाचे नाव आहे? एकाचे की पाच भावांचे? की तेथे ‘महाराष्ट्र शासन’ लिहिले आहे? की वन विभाग? मोकळे माळरान दिसले म्हणून ते बिनमालकाचे नसते. गायरान गावाच्या उपयोगाचे असले तरी तेथला मुरूम काढायचा परवाना सरपंच तोंडी देऊ शकत नाही. एखाद्या कंपनीला खनिज शोधायचा परवाना मिळाला आणि तिची माणसे तुमच्या शेतात आली, तरी तुमच्या नुकसानीची भरपाई तिला द्यावी लागते. तेव्हा कोणी नुसता कागद दाखवला म्हणून उभे पीक तुडवू देऊ नका. कागद हातात घ्या, गट नंबर वाचा, तारीख वाचा.

तापीचे पात्र सरकारचे. हतनूर धरणाचे पाणी उन्हाळ्यात मागे हटते आणि पूर्वीची शेते उघडी पडतात. ‘ही आमच्या आजोबांची जमीन,’ असे जुनी माणसे बोट दाखवून सांगतात. त्यांचे मन आम्ही जाणतो. पण भूसंपादन झाले तेव्हाच ती जमीन पाटबंधारे खात्याची झाली.

तापी ओलांडून यावल-रावेरकडे गेले की सातपुडा लागतो. तेथे नियम अधिक कडक आहेत. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात ‘वनउपज’ या शब्दाचा अर्थ दिला आहे. आपल्याला वाटते वनउपज म्हणजे डिंक, मोहाची फुले, तेंदूपत्ता. पण त्या यादीत जंगलातली वरची माती, दगड आणि खनिजेही आहेत. राखीव जंगलातून दगड काढणे म्हणजे लाकूड तोडण्यासारखाच गुन्हा. यावल अभयारण्यात तर आत शिरायलाच परवानगी लागते, आणि आतली वस्तू बाहेर आणता येत नाही. मोह वेचणाऱ्या तडवी, पावरा, भिल्ल बांधवांना २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजाचा हक्क दिला. त्या हक्कात दगड येत नाही. येथे ‘गौण वनउपज’ आणि ‘गौण खनिज’ या दोन शब्दांची गल्लत करू नका. गल्लत करून देणारे लोकही असतात.

चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतली काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तेथे गौण खनिजाचा परवाना वा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची वा पंचायतीची शिफारस घ्यावी लागते. १९९६ च्या पेसा कायद्याने हे ठरवले आहे. तेव्हा त्या गावांतल्या मंडळींनी ग्रामसभेला जावे, आणि ठरावावर अंगठा वा सही करण्याआधी ठराव वाचून घ्यावा.

आणि वरणगावचा कारखाना. तो १९६४ साली सुरू झाला. तेथे काडतुसे बनतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. मालकाचे नाव बदलले, पण मनाई बदलली नाही. अशी जागा १९२३ च्या गुपितांच्या कायद्याने मनाई-क्षेत्र असते. तिच्या कुंपणाजवळ खणत बसणे, फोटो काढणे, नकाशा काढणे हे छंद म्हणूनही करू नये. पाहुणा छंदी माणूस आला तर त्याला हे आधी सांगा, कारण त्याला ते ठाऊक नसते. भुसावळचाही आयुध कारखाना आहे, तेथेही हेच. कोठेही माळावर गंजलेला बॉम्बगोळ्यासारखा तुकडा वा न उडालेले काडतूस दिसले तर त्याला हात लावू नका, भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. लांब व्हा, पोरांना लांब करा आणि ११२ नंबरवर पोलिसांना कळवा.

खड्याऐवजी दुसरेच सापडले तर

चाळीसगाव तालुक्यात पाटणे नावाचे गाव आहे. १९७०नंतरच्या वर्षांत तेथे पुरातत्त्वाच्या जाणकारांनी खोदकाम केले. त्यांना काय सापडले? जास्परची व आकिकासारख्या दगडांची लहान लहान हत्यारे. आणि शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी! पंचवीस हजार वर्षांपूर्वी आपल्या खानदेशात शहामृग होता, आणि त्याच्या कवचाचे मणी करून घालणारी माणसेही होती, हे त्या तुकड्यांवरून कळले. आता विचार करा, असा तुकडा कोणी पिशवीत घालून नेला असता तर? दगड हातात आला आणि त्याची कड मुद्दाम घासल्यासारखी, तासल्यासारखी दिसली, तर तो पडल्या जागी ठेवा. जागेवरून हलला की त्या वस्तूची निम्मी माहिती संपते.

अहमदनगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) दायमाबाद आहे. १९७४ साली एका शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना चार जड वस्तू लागल्या. बैलांचा रथ व रथात उभा माणूस, रेडा, हत्ती, गेंडा. सगळे ओतीव ब्राँझचे, मिळून साठ किलोंहून अधिक वजनाचे आणि हजारो वर्षांपूर्वीचे. भंगारात विकले असते तर वितळून गेले असते. ते वाचले, म्हणून पुढे १९७५-७६ पासून तेथे उत्खनन झाले आणि दायमाबादचे नाव जगाला कळले.

जमिनीत पुरलेली मौल्यवान वस्तू सापडली तर १८७८ सालचा निखात निधीचा कायदा लागू होतो. निखात निधी म्हणजे पुरलेले धन. गुप्तधन म्हणून लोक बोलतात ते हेच. दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचे. काय सापडले, कोठे सापडले, कोणत्या दिवशी सापडले, हे त्यात लिहायचे. मग सरकार जाहीर नोटीस काढते. कोणाचा दावा असेल तर तो ऐकते. कोणी खरा मालक निघाला नाही तर धनाची वाटणी होते. शेत दुसऱ्याचे असेल आणि आधी काही करार नसेल तर सापडवणाऱ्याला बारा आणे आणि शेतमालकाला चार आणे, म्हणजे १,००० रुपयांत ७५० आणि २५०. वस्तू सरकारला हवी असेल तर तिच्यातल्या धातूची किंमत आणि वर पाचवा हिस्सा देऊन सरकार ती घेऊ शकते. १,००० रुपयांचे सोने असेल तर १,२०० रुपये.

आणि लपवले तर? वाटा बुडतो, आणि एक वर्षापर्यंत कैद वा दंड वा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे खरे बोलणाऱ्याला पैसे मिळतात आणि लपवणाऱ्याला तुरुंग. तरी लोक लपवतात. का? कारण ‘सरकार सगळे घेऊन जाते’ एवढेच त्यांनी ऐकलेले असते, कायदा वाचलेला नसतो. आणि गुप्तधन काढून देतो म्हणणाऱ्या भोंदूच्या नादी लागून ज्यांनी घर विकले त्यांच्याविषयी तर काय बोलावे!

अर्ज कसा लिहायचा

आता त्या विहिरीकडे परत येऊ. दगड-मुरूम निघाला आहे. काही बांधाला लावायचा आहे, काही विकायचा आहे. आत काही खडेही आहेत. तहसीलदाराला अर्ज करायचा. अर्ज लांबलचक नको. असा लिहावा:

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
भुसावळ.

विषय : विहिरीच्या खोदकामातून निघालेल्या दगड-मुरूमाबाबत.

महोदय,
मी मौजे ........ येथील शेतकरी आहे. माझ्या मालकीच्या गट नंबर ........ मध्ये मी सिंचनासाठी विहीर खणली आहे. खोदकामातून अंदाजे ........ ब्रास दगड व मुरूम निघाला आहे. त्यापैकी ........ ब्रास मी याच गटात बांध व रस्त्यासाठी वापरणार आहे. उरलेला ........ ब्रास बाहेर नेण्यासाठी परवानगी मिळावी. नियमाप्रमाणे स्वामित्वधन भरण्यास मी तयार आहे. दगडात स्फटिक खडे आढळले आहेत, त्यांबाबत काय करावे ते लेखी कळवावे, ही विनंती.
सोबत : सातबारा उतारा.

तारीख : आपला विश्वासू,
ठिकाण : (सही)

‘लेखी कळवावे’ हे शब्द विसरू नका. खड्यांच्या बाबतीत तहसीलदार ते प्रकरण जळगावला जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे पाठवू शकतात. ते येऊन दगड पाहतील आणि तो कोणत्या प्रकारात बसतो ते सांगतील. तोवर खडे झाकून ठेवावेत, विकू नयेत.

परवानगी मिळाली की पैसे चलनाने भरायचे, कोणाच्या हातात द्यायचे नाहीत. वाहतुकीचा पास आता ‘महाखनिज’ या सरकारी संगणक-व्यवस्थेतून निघतो. पास हातात आला की चार गोष्टी वाचा : वाहनाचा नंबर आपलाच आहे ना, माल कोणता लिहिला आहे, किती ब्रास लिहिला आहे आणि पास कोणत्या तारखेला, किती वाजेपर्यंत चालतो. मुरूमाच्या पासावर वाळू नेता येत नाही. सकाळचा पास संध्याकाळच्या खेपेला चालत नाही. ट्रॅक्टर चालवणारा पोरगा वाचू शकत नसेल तर त्याला हे चारही आकडे घरीच दाखवून ठेवा.

अर्ज दोन प्रतींत न्या. एक प्रत कार्यालयात द्या. दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. याला पोच म्हणतात. पोच नसेल तर अर्ज दिला असे कोणी मानत नाही. महिना गेला आणि उत्तर आले नाही, तर माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली साध्या कागदावर दुसरा अर्ज करता येतो. त्याला दहा रुपयांचे कोर्ट-फी तिकीट लावायचे. ‘माझ्या अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली?’ एवढेच विचारायचे. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. म्हणून पोचेचा कागद सातबाऱ्याच्या पिशवीतच ठेवा, विहिरीच्या पंपाच्या पेटीत नको. तेथे त्याला ओल लागते.